कोकोपीटला माती म्हणू नका

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या आत्याची बाग मारली. मुद्दाम नव्हे, प्रेमाने. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बराच आरडाओरडा करणार आहे आणि तो ऐकताना पहिली आरोपी कोण हे लक्षात असलेलं बरं.

आत्या डोंबिवलीला राहते. चौथा मजला, वर गच्ची, वय ७८. तिच्या कुंड्यांमधली माती गुहागरची होती. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा बाकीच्यांनी समया, पाट, पितळी भांडी नेली आणि हिने सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांमधून परसातली लाल माती आणली. सगळे हसले होते. (हसणाऱ्यांपैकी दोघेजण हे वाचत असतील. नमस्कार, काका.) त्या मातीत तिने तीसेक वर्षं शेणखत, पालापाचोळा, भाजीची देठं जिरवली. तुळस, अबोली, मिरच्या, टोमॅटो, गवती चहा, एक हट्टी कढीलिंब. कुठलं मीटर नाही, कुठलं पाकीट नाही. सकाळी चहा झाला की कुंडीत बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तर तांब्याभर पाणी. बस.

मग सोसायटीत स्लॅब गळायला लागला आणि गच्चीवरच्या वजनावरून सभेत बोलणी झाली. आत्याला तो अपमान वाटला. आणि मी, नेटवर चार व्हिडिओ पाहिलेली हुशार भाची, उत्तर घेऊन धावत गेले. कोकोपीट! हलकं, स्वच्छ, सेंद्रिय, पाणी धरून ठेवतं. पाच किलोचे सहा ठोकळे मागवले, भिजवले, फुगवले. एकेका ठोकळ्यातून साठ-सत्तर लिटर भुसा निघाला तेव्हा आम्हाला दोघींना जादू बघितल्यासारखं वाटलं. माती वॉचमनने खाली खड्ड्यात नेऊन टाकली. आत्याने तेवढा एक रंगाचा डबा भरून बाजूला ठेवला, मी त्यालाही नाकं मुरडली.

दोन महिन्यांत पानांच्या कडा जळाल्या. मिरची पिवळी. टोमॅटो लागले ते बुडाशी काळे, चामड्यासारखे. आत्या फोनवर म्हणाली, "माझा हातच गेला गं आता. वय झालं." आणि मी म्हणाले, "पाणी जास्त होत असेल आत्या, कमी कर."

हा सल्ला नेमका उलटा होता. पण ते मला कळलं फार उशिरा, आणि कळलं कुठून तर टोरांटोहून, माझ्या भाच्याकडून. तो तिथे कपाटाएवढ्या तंबूत, दिव्याखाली, कोकोपीटमध्ये गांजाची झाडं वाढवतो. थांबा, किंचाळू नका. कॅनडात २०१८ च्या ऑक्टोबरपासून हे कायदेशीर आहे, त्याच्या ओंटारिओ प्रांतात घरटी चार झाडं लावता येतात. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय हे रोप लावणं गुन्हा आहे आणि मी कुणालाही तसलं काही सुचवत नाहीये. पण खरं ते खरं. कुंडीतल्या कोकोपीटला पाणी आणि खत कसं द्यायचं याचा इतका बारीक विचार गांजावाल्यांइतका कुणी केलेला मी पाहिला नाही. आपल्या सभ्य गच्चीबागवाल्यांनी तर नाहीच. मी व्हिडिओ कॉलवर आत्याच्या कुंड्या दाखवल्या तर तो पोरगा म्हणाला, "मावशी, तुम्ही झाडाला पाणी घालताय की तीर्थ देताय?"

आता मुद्दा. कोकोपीट ही माती नाही. मातीचा पर्यायही नाही, निदान पाकिटावर छापतात त्या अर्थाने. नारळाच्या सोडणातून काथ्या काढून घेतला की जो भुसा उरतो तो हा. केरळात वर्षानुवर्षं त्याचे ढीग पडून असत, लोकांना ती अडगळ वाटे. त्यात झाडाला पोसण्यासारखं जवळजवळ काही नाही. आहे ते पोटॅश आणि मीठ. नारळ स्वतःच पोटॅश आणि क्लोराइड खाऊन वाढणारं झाड, त्यात सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर सोडियमची भर. हे क्षार भुशाला नुसते चिकटलेले नसतात, भुसा त्यांना धरून बसलेला असतो. साध्या पाण्याने वरवरचं मीठ धुतलं जातं, आतलं नाही. मग तुम्ही कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम घातलंत की भुसा ते ओढून घेतो आणि बदल्यात पोटॅश सोडतो. झाडाच्या वाट्याला कॅल्शियम येतच नाही. आत्याच्या टोमॅटोची काळी बुडं ती हीच. तिच्या हाताचा आणि वयाचा संबंध शून्य.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. ठोकळा फुगवून दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी पुन्हा धुवायचा. मी दहा लिटरला वीस ग्रॅम घेते. पाण्याचा फिल्टर विकायला येणारा माणूस जो पेन ग्लासात बुडवून आपल्याला घाबरवतो, तोच पेन मी या धुवणाच्या पाण्यात बुडवला. नळाचं पाणी ९०. पहिल्या धुवणाचं १९००! आणि या भुशात मी त्या बाईची तुळस लावली होती.

विकणारे हे सांगत नाहीत असं नाही. धुतलेलं, कॅल्शियम मुरवलेलं कोकोपीट वेगळं मिळतं, महाग मिळतं, आणि आपल्याच देशातून परदेशी जातं. घरगुती ग्राहकाला मिळते ती वीट, वर हिरवं पान छापलेली, "पोषक तत्त्वांनी युक्त" असं लिहिलेली. कसली पोषक तत्त्वं? हा प्रश्न मी आमच्याकडच्या एका दुकानदाराला विचारला. तो म्हणाला, "मॅडम, नॅचरल आहे ना." समुद्रही नॅचरलच आहे, त्यात मेथी लावता का?

पाण्याचं तर विचारूच नका. मातीचा नियम आपल्या हाडात मुरलेला आहे. वाळू द्या, मग पाणी. कोकोपीटमध्ये वाढत्या झाडाला हा नियम घातक आहे. भुसा वाळत गेला की पाणी जातं, क्षार मागे राहतात, उरल्यासुरल्या ओलीत त्यांची तीव्रता चढत जाते आणि मुळं भाजतात. म्हणून तो पुरता वाळू द्यायचाच नाही. वरचा थर फिका दिसला म्हणून फसायचं नाही, कुंडी उचलून बघायची. हलकी लागली की पाणी. आणि ते तांब्याभर नव्हे. घातलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा खालून वाहून जाईल इतकं. ते वाहून जाणं म्हणजे नासाडी नव्हे, साठलेलं मीठ बाहेर काढायची तीच एक वाट. खालच्या ताटलीत साठू दिलंत तर भुसा तेच पुन्हा वर ओढतो. (आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना हे शास्त्र पटलेलं नाही. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर एकदा प्रयोग झाला आहे. आता ताटल्या दर वेळी ओतते आणि ते पाणी जिन्याखालच्या सोनचाफ्याला जातं.)

आणि खत. मातीत आठवड्याला, पंधरवड्याला चालतं, कारण माती साठवते, जिरवते, हळूहळू देते. कोकोपीटमध्ये जवळजवळ प्रत्येक पाण्याबरोबर थोडं थोडं द्यावं लागतं. खूप पातळ, पण रोज. नुसतं १९:१९:१९ घालणाऱ्यांना सांगते, त्यात कॅल्शियम नसतं. ते वेगळं द्यायचं, आणि दोन्हींची घट्ट द्रावणं एकत्र करायची नाहीत, पांढरा साका बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. पॉलिहाऊसमध्ये गुलाबवाल्यांकडे दोन टाक्या असतात त्या काही हौस म्हणून नव्हे.

इथे आमच्या गच्चीबाग मंडळातले लोक उसळतात. रासायनिक! विष! आम्ही फक्त जीवामृत घालतो! घाला की. पण कशात घालता? सुभाष पाळेकरांची जीवामृताची कृती बघा: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर जिवंत माती. पाळेकर स्वतः सांगतात की ते खत नव्हे, विरजण आहे, मातीतल्या जीवांना जागं करणारं. विरजण लावायला दूध लागतं हो! कोऱ्या भुशाला विरजण लावून दही कसं होणार? कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आयुष्यभर प्रयोग परिवारातून जे सांगितलं तेही पालापाचोळा कुजवून माती तयार करण्याबद्दल. त्यांचं नाव घेऊन विटा फुगवणाऱ्यांनी 'विपुलाच सृष्टी' एकदा उघडून बघावं.

तुम्हाला सेंद्रिय बाग हवी ना, मग माती ठेवा. वजनाची अडचण असेल तर मातीत तिसरा हिस्सा भुसा मिसळा, शेणखत घाला, कुंड्या भिंतीलगत, तुळईवर मांडा. "आमच्याकडे तर कोकोपीटवर छान येतं" म्हणणारे बहुतेक सगळे असंच काहीतरी करत असतात, फक्त श्रेय भुशाला देतात. निव्वळ कोकोपीट हवं असेल तर मग मान्य करा की तुम्ही सलाइनवर झाड वाढवताय. त्यात लाज काही नाही, माझ्या सगळ्या मिरच्या आज तशाच वाढतात आणि उत्तम वाढतात. पण सलाइनवरच्या पेशंटला "मधून मधून उपास घडू दे, तब्येतीला चांगलं" असं सांगायचं नसतं. मी सांगितलं होतं.

चीड येते ती याची की फुकटचे सल्ले देणाऱ्यांचं काही जात नाही. व्हिडिओवाल्याचं नाही, दुकानदाराचं नाही, माझंही नाही. गेलं ते आत्याचं. पन्नास वर्षं झाडं जगवलेली बाई दोन महिने स्वतःच्या हाताकडे बघत बसली. तिच्या बोटाला जे कळत होतं ते मातीचं होतं, आणि मी खालून मातीच काढून घेतली होती.

असो. गेल्या पावसाळ्याआधी मी जाऊन सगळे ठोकळे पुन्हा धुतले, कॅल्शियममध्ये भिजवले, दोन बाटल्यांवर 'अ' आणि 'ब' अशी चिठ्ठी चिकटवली. टोमॅटो नीट आले. आत्याला त्यांचं कौतुक बेताचंच आहे. "दवाखान्यातलं पोर," म्हणते. रंगाच्या डब्यातली गुहागरची माती तिने दोन कुंड्यांत शेणखताबरोबर सारखी वाटली, एकीत तुळस, दुसरीत अबोली. त्यांना माझ्या बाटल्यांचं पाणी घालायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.

परवा फोनवर तिने विचारलं, "त्या कॅनडावाल्याला एवढं कसं कळतं गं? लावतो काय तो?" मी म्हटलं, टोमॅटो. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, गुहागरात व्याडेश्वराच्या देवळाशी बैरागी उतरायचे. मला वासही माहितीये त्या टोमॅटोंचा. त्याला म्हणावं, शनिवारी फोन कर, मिरचीची पानं आकसलीत, दाखवायची आहेत."