आठव्या दिवसाचे पाणी आणि परिचारिकेची नोंदवही

पैठणचा नाथसागर भरलेला असतानाही तेथून पन्नासएक किलोमीटरवर वसलेल्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी चार, सहा, आठ आणि प्रसंगी त्याहूनही अधिक दिवसांच्या अंतराने यावे, या विसंगतीविषयी गेल्या काही वर्षांत इतके बोलले आणि लिहिले गेले आहे, की आता तिचे कोणास नवलही वाटेनासे झाले आहे. मोर्चे निघाले, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने लक्ष घातले, डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च 2,700 कोटींच्या पलीकडे गेला आणि मुदतींमागून मुदती टळल्या. हा सारा वृत्तांत आजवर पाणीटंचाईचा म्हणून सांगितला गेला. वस्तुतः तो तितकाच रोगराईचाही आहे, आणि या दुसऱ्या बाजूची सर्वांत जवळची साक्षीदार जी नागरी आरोग्य केंद्राची परिचारिका, तिची साक्ष मात्र कोणत्याही दप्तरात घेतली जात नाही, हे मला येथे मांडावयाचे आहे.

डेंग्यूचा विषाणू वाहून नेणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही. त्याला माणसाने भरून ठेवलेले, स्थिर आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी पाणी आटले तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि भांडे पुन्हा भरताच उबतात. आणि आपल्याकडील पावसाळी उष्म्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची मजल साधारण आठ ते दहा दिवसांत पुरी होते. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, हा आरोग्य खात्याचा उपदेश या हिशेबावरच उभा आहे: घरातील सर्व भांडी सात दिवसांच्या आत रिकामी करून, घासून, वाळवून ठेवली की डासाचे चक्र तुटते. शास्त्रदृष्ट्या त्यात काडीचीही चूक नाही. परंतु ज्या घरी पाणीच आठव्या दिवशी येते, त्या घरातले पिंप सातव्या दिवशी तळाशी उरलेले पाणी राखून असते. उद्या नळ न आला तर काय, या धास्तीने ते उपडे करण्याचे धाडस कोणी गृहिणी करीत नाही, आणि उद्या नळ आलाच तर त्या धांदलीत जुन्या पाण्यावरच नवे ओतले जाते. डासाच्या जन्मचक्राचा आणि पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा इतका चोख मेळ कोणी मुद्दाम घालू म्हटले असते तरी जमला नसता.

पावसाळा लागला की ही परिचारिका म्हणजेच आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती आणि हिवताप विभागाचे कर्मचारी विजेरी घेऊन घरोघर पिंपे, हौद, रांजण, कूलर आणि गच्चीवरच्या टाक्या तपासत फिरतात. या तपासणीस ते कंटेनर सर्वेक्षण म्हणतात. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या यावरून गृहनिर्देशांक निघतो, आणि शंभर घरांमागे अशी किती भांडी सापडली यावरून ब्रेटो निर्देशांक. पुंडलिकनगर असो, मुकुंदवाडी असो की टँकरवर भिस्त ठेवून राहिलेल्या सातारा-देवळाईच्या वसाहती असोत, सेविकेने पिंपात विजेरी धरून वळवळती अळी दाखविली की घरची बाई ती पाहते, चकित होते, लाजतेही, आणि मग विचारते, "ताई, हे ओतलं तर टँकर येईपर्यंत लेकरांना काय देऊ?" या प्रश्नाला सेविकेजवळ उत्तर नसते, कारण ते उत्तर तिच्या खात्याच्या अखत्यारीतच नसते. ती वापराच्या पाण्यात ॲबेट या अळीनाशकाचे थेंब टाकते, झाकण घट्ट बसवावयास सांगते, नोंदवहीत त्या घरापुढे खूण करते आणि पुढच्या दारी जाते. तिच्या वहीत त्या घराचा दोष नोंदला गेलेला असतो. नळाचा दोष नोंदावयास त्या वहीत जागाच नाही.

जागतिक रोग म्हटला की आपल्यासमोर विमानतळ, तपासणीच्या रांगा आणि 2020 साल उभे राहते, आणि करोनानंतर तसे होणे साहजिकच आहे. पण जगभर फिरून आलेले काही रोग आपल्या घरात पिंपाच्या वाटेने शिरले आहेत. एडिस इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेचा. गुलामांच्या व्यापारात समुद्र ओलांडणाऱ्या गलबतांवर पिण्याच्या पाण्याची जी पिंपे असत, त्यांतून तो जगभर पसरला, असे कीटकशास्त्रज्ञ मानतात. (त्याच खंडातून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आलेल्या मलिक अंबराने खडकी नावाच्या गावाचे हे शहर केले आणि त्याला जमिनीखालून बंदिस्त नहरीचे वाहते पाणी दिले, हा योगायोग नोंदवून ठेवावासा वाटतो.) चिकुनगुन्याचे प्रथम वर्णन झाले ते पूर्व आफ्रिकेतील टांगानिकात, 1952-53 च्या साथीनंतर, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची साथ 1973 मध्ये आली, मग तीसेक वर्षे तो जणू नाहीसा झाला, आणि 2006 साली आफ्रिकी वंशाच्या विषाणूसह परतून त्याने मराठवाड्यातील गावेच्या गावे सांधेदुखीने अंथरुणाला खिळविली. युगांडातील एका अरण्याचे नाव धारण करणारा झिका जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला आढळला. डेंग्यूचे तर 2024 या एकाच वर्षात जगभर 1 कोटी 40 लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. हे तिन्ही विषाणू वाहतो तो डास एकच, आणि त्याचे वसतिस्थानही एकच: झाकण नसलेले, भरलेले भांडे. चौथा एखादा विषाणू उद्या कोठून निघेल हे सांगता येत नाही. या शहरात तो कोठे मुक्कामास उतरेल हे मात्र आजच सांगता येते.

परिचर्येच्या व्यवसायाला हा विषय नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मधील आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात घराच्या आरोग्याची जी पाच अंगे सांगितली, ती शुद्ध हवा, शुद्ध पाणी, पाण्याचा निचरा, स्वच्छता आणि प्रकाश ही होत. औषध त्यांत नाही. हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल 1863 मध्ये निघाला, तेव्हा ठाण्याठाण्यांहून आलेली माहिती चाळून त्यांनी सरकारला धारेवर धरले ते पाणी आणि सांडपाणी यांच्या व्यवस्थेवरूनच. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये सार्वजनिक आरोग्य परिचारिकेला भारताच्या आरोग्यव्यवस्थेत महत्त्वाचे स्थान कल्पिले होते. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. दुय्यम परिचारिका प्रसूती, लसीकरण आणि कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांना जुंपली गेली. 1973 च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय केले, म्हणजे कामे वाढविली, अधिकार होते तेवढेच राहिले. पर्यावरण हा तिच्या पाठ्यपुस्तकातला एक धडा होऊन बसला. परीक्षेला येतो, कामाच्या जागी कोणी विचारीत नाही.

आज राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे दहा हजार लोकवस्तीमागे एक सेविका असते. ती ताप, अतिसार, कावीळ यांच्या रुग्णांचे आकडे विहित नमुन्यात भरून वर पाठविते, आणि हे आकडे रोगसर्वेक्षणाच्या जाळ्यातून जिल्ह्याला, राज्याला आणि दिल्लीला पोचतात. व्यवस्था चांगली आहे, आणि तिच्यामुळे कित्येक उद्रेक लवकर उमगतात हेही खरे. पण हा नमुना माणसाला ताप आला का, एवढेच विचारतो. त्या माणसाच्या गल्लीत शेवटचे पाणी कोणत्या तारखेस आले होते, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

आणि प्रश्न केवळ डासांचा नाही. जलवाहिनी सतत दाबाखाली असेल तर तिच्या भेगांतून पाणी बाहेर पडते. ती दिवसेंदिवस रिकामी राहत असेल तर त्याच भेगांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते आणि नळ सुटताच ते सर्वांत आधी घरात येते. खंडित पुरवठ्याचा हा दुसरा धर्म. नोव्हेंबर 2017 मध्ये छावणी भागात दूषित पाण्याने हजारो लोकांना गॅस्ट्रोची बाधा झाली, तेव्हा दूषित पाणी किती झपाट्याने घरोघर पोचते हे शहराने पाहिले. अशा प्रसंगी तपासण्या, ओआरएसची पाकिटे, क्लोरिनच्या गोळ्या सर्व काही धावून येते. ओटी टेस्ट नावाची जी साधी चाचणी आहे, जिच्यात दोन थेंब टाकताच पाणी पिवळे झाले तर क्लोरिन शिल्लक आहे असे समजावे, तीही घरोघर होते. महिनाभराने सारे शांत होते आणि थेंबांची कुपी कपाटात जाते.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही रास्त आहेत. पुण्यात बहुतेक ठिकाणी रोज पाणी येते, तरी तेथे डेंग्यू आहेच. तेथील डास फ्रिजमागच्या ताटलीत, कुंडीखालच्या बशीत आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या तळघरांत वाढतो. संभाजीनगरातही सुखवस्तू बंगल्यांतल्या शोभेच्या कारंज्यांत तो असतो. तेव्हा नवी योजना पुरी होऊन रोज पाणी आले म्हणजे डेंग्यू संपेल, असे मी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या साठवणीची सवय लागलेले शहर एका हंगामात पिंपे मोडीत काढणार नाही. परंतु बंगल्यातील कारंजे बंद करता येते म्हणून तेथे उपदेश पुरतो, आणि प्रसंगी दंडही शोभतो. ज्याला पाणी साठविण्यावाचून गत्यंतर नाही त्याला साठविल्याबद्दल दंड करणे ही नीती नव्हे. धूरफवारणीचा आग्रह धरणाऱ्या लोकप्रतिनिधींविषयी न बोललेले बरे: त्या धुराने उडते डास मरतात, पिंपातली अळी सुखरूप राहते आणि फोटो छान येतो.

मग करावे काय? 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने पाणीपुरवठा आणि रोगप्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच महानगरपालिकेवर बंधनकारक कर्तव्ये म्हणून सोपविली आहेत. ती दोन खात्यांत वाटली गेली आणि त्या खात्यांचे दप्तर परस्परांना दिसेनासे झाले, हा कायद्याचा दोष नाही. कंटेनर सर्वेक्षणाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: या घरी नळाला शेवटचे पाणी कोणत्या तारखेस आले. ओटी चाचणीचा निकाल त्याच्याच शेजारी. दर सोमवारी या वहीचा गोषवारा वॉर्डनिहाय तयार होऊन पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यापुढे जावा, त्याने त्यावर लेखी अभिप्राय द्यावा, आणि ज्या वॉर्डात निर्देशांक व पाण्याचे अंतर दोन्ही वाढलेले दिसतील तेथे पुरवठ्याचे वेळापत्रक प्रथम बदलावे, टँकर प्रथम पाठवावा, झाकण असलेली पिंपे महानगरपालिकेने स्वतः द्यावीत. अभिप्राय न आल्यास परिचारिकेचा शेरा मान्य समजून आयुक्तांकडे जावा. वही तीच, फेरी तीच, सेविकाही तीच. वाढते ती एक तारीख. पाणीपुरवठा विभागास हे रुचणार नाही हे उघड आहे, कारण वेळापत्रकात लिहिलेला दिवस आणि गल्लीत खरोखर पाणी आलेला दिवस प्रथमच एका कागदावर शेजारी शेजारी येतील. आणि तसे ते यावेत, हाच तर या तजविजीचा हेतू आहे. परिपत्रक मे महिन्यात निघाले तर पावसाळ्यातील पहिल्या फेरीपासूनच त्या रकान्यात तारखा पडू लागतील.