खतावणीत न दिसणारी पत

नाताळ जवळ आला की अमेरिकेतील घराघरांत दूरचित्रवाणीवर एक जुना कृष्णधवल चित्रपट हटकून पाहिला जातो. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हे त्याचे नाव. दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा, नायक जेम्स स्ट्युअर्ट. डिसेंबर १९४६ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये प्रथम झळकला. देवदूत, बर्फवृष्टी आणि डोळे ओलावणारा शेवट यांमुळे एक गोड कौटुंबिक चित्रपट अशी त्याची ख्याती झाली आहे. ती चुकीची नाही, अपुरी मात्र आहे. देवदूत पडद्यावर अवतरतो तो दीड तास उलटून गेल्यावर. तोपर्यंत जे घडते ती वडिलांच्या पेढीवर मनाविरुद्ध बसलेल्या मुलाची कथा आहे. व्यापारी घरातील प्रेक्षकाला ती परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

बेडफर्ड फॉल्स या काल्पनिक गावात बेली कुटुंबाची एक लहानशी संस्था आहे. सभासदांनी दरमहा थोडे थोडे पैसे ठेवायचे आणि त्यातूनच गरजू सभासदाला घर बांधण्यासाठी कर्ज द्यायचे, असा तिचा व्यवहार. आपल्याकडील पतपेढीची ती सख्खी बहीण म्हणावी. थोरला मुलगा जॉर्ज याला या व्यवहारात तिळमात्र रस नाही. त्याला जग पाहायचे आहे, पूल बांधायचे आहेत, उंच इमारती उभारायच्या आहेत. प्रवासाची सिद्धता झालेली असताना वडील अकस्मात जातात. गावातील सर्वांत धनाढ्य गृहस्थ पॉटर ही संस्था मोडीत काढू पाहतो. जॉर्ज राहणार असेल तरच ती चालू ठेवू, असा ठराव संचालक मंडळ करते. शिक्षणासाठी साठविलेली रक्कम जॉर्ज धाकट्या भावाच्या हाती देतो. भाऊ शिकून येईल आणि पेढी सांभाळील, तेव्हा आपली सुटका होईल, असा त्याचा हिशेब असतो. भाऊ परततो तो लग्न करून, आणि सासऱ्यांनी देऊ केलेली नोकरी घेऊन. रेल्वे स्थानकावर ही वार्ता ऐकताना स्ट्युअर्टच्या चेहऱ्यावरील हसू क्षणभर थिजते आणि तो ते पुन्हा ओढून आणतो. एकही संवाद नसलेले हे काही क्षण साऱ्या चित्रपटातील उत्कृष्ट अभिनयात मोडतात.

कॅप्राचे मोठेपण असे, की त्याने जॉर्जला संत केलेले नाही. कर्तव्य तो चुकवीत नाही. पण ते हसतमुखाने करतो असेही नाही. तो चिडतो, घरात आदळआपट करतो, मुलांवर ओरडतो. त्यागाची किंमत मोजावी लागते आणि ती बहुधा घरातील माणसांना मोजावी लागते, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे चित्रपट फार नाहीत.

आता १९३२ मधील तो प्रसंग. जॉर्ज लग्न करून मधुचंद्राला निघाला आहे आणि त्याच वेळी गावातील बँकेच्या दारी गर्दी उसळते. ही कल्पनाशक्तीची भरारी नव्हे. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेतील सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांना देशभरातील बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. १९३४ च्या प्रारंभापासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. (आपल्या देशात ते १९६२ मध्ये आले, तेही पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर.) बेलींच्या कचेरीत जमलेल्या सभासदांना असा कोणताही आधार नाही. त्यांना आपले पैसे आजच हवे आहेत.

जॉर्ज त्यांना समजावतो, की पैसे तिजोरीत नाहीत; ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत, आणि त्या शेजाऱ्याचे पैसे आणखी कोणाच्या छपरात. पतव्यवहार म्हणजे काय, हे एवढ्या सोप्या शब्दांत अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच सापडेल. तिकडे पॉटर एका डॉलरच्या भागाला पन्नास सेंट रोख देऊ करतो. लोक डळमळतात. तेव्हा जॉर्जची नवपरिणीत पत्नी मेरी मधुचंद्रासाठी राखलेले दोन हजार डॉलर पुढे करते. पहिला सभासद हट्टाने आपले सर्व २४२ डॉलर मागून घेतो. दुसरा वीसवर भागवतो, तिसरीही वीसच घेते. मग एक वयस्क बाई संकोचाने विचारते, साडेसतरा डॉलर मिळतील का? जॉर्ज आनंदाने तिचे चुंबनच घेतो. वीस नव्हे, साडेसतरा! घरखर्चाचा नेमका हिशेब करून आलेल्या त्या बाईने अडीच डॉलर संस्थेकडे राहू दिले, आणि विश्वास परतल्याची पहिली खूण त्या अडीच डॉलरांत आहे. संध्याकाळी सहाचे ठोके पडतात तेव्हा शिल्लक असते दोन डॉलर. संस्था तगते.

कॅप्राने हा विषय पूर्वीही हाताळला होता. १९३२ च्या ‘अमेरिकन मॅडनेस’मध्ये वॉल्टर ह्यूस्टन याने माणसाचे चारित्र्य पाहून कर्ज देणारा बँक अध्यक्ष रंगविला आहे. तेथे बँकेत चोरी होते आणि अफवा दूरध्वनीच्या तारांवरून तोंडोतोंडी फुगत जाते. तो चित्रपट अधिक वेगवान आणि आटोपशीर आहे. अफवेचे चित्रण तर नंतरच्या चित्रपटापेक्षाही सरस. परंतु ह्यूस्टनचा अध्यक्ष आपल्या कामावर मनापासून प्रेम करतो. जॉर्ज करीत नाही, म्हणून त्याची कथा अधिक खोल जाते.

पॉटर हा खलनायक आहे आणि लायोनेल बॅरीमोर याने तो झणझणीत रंगविला आहे. तरीही त्याचा एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. बँकेने नाकारलेल्या टॅक्सीचालकाला बेलींनी कर्ज दिले ते मैत्रीखातर, असे तो म्हणतो. जॉर्जचे उत्तर पुष्कळदा प्रेक्षकांच्या ध्यानातून निसटते. त्याच्या पगाराचे आणि विम्याचे कागद समोर आहेत, असे तो आधी सांगतो; चारित्र्याची हमी त्यानंतर. भावनेने वाटलेले कर्ज आणि माणूस ओळखून, कागद तपासून दिलेले कर्ज यांत अंतर आहे. कॅप्राला ते कळत होते. विसरभोळ्या बिलीकाकांच्या हाती आठ हजार डॉलरची रोकड एकट्याने बँकेत भरण्यास देणे मात्र कोणत्याही पेढीच्या शिस्तीत बसणारे नाही. त्या रकमेचे पुढे जे होते त्यात दैवापेक्षा ढिलाईचाच वाटा मोठा.

बिलीकाका ती रोकड वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून नकळत पॉटरच्याच हाती देऊन बसतात. पॉटरला हे कळते आणि तो गप्प राहतो. हिशेब तपासनीस त्याच दिवशी दारात उभा असतो. जॉर्ज पॉटरकडे कर्ज मागायला जातो; तारण म्हणून त्याच्यापाशी असते केवळ पंधरा हजार डॉलरची आयुर्विमा पॉलिसी, तीही जेमतेम पाचशे डॉलर मूल्याची. तू जिवंत असण्यापेक्षा मेलेला अधिक किमतीचा, असा शेरा पॉटर मारतो. हिशेब अचूक आहे, आणि तोच जॉर्जला पुलावर नेऊन उभा करतो.

देवदूताने दाखविलेले जॉर्जविना गाव, मेरीच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी जमविलेले पैसे, टेबलावर रिती होणारी टोपली, हे सर्वश्रुत आहे. एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पॉटरने ते आठ हजार शेवटपर्यंत परत केले नाहीत आणि त्याला कसलीही शिक्षा झाली नाही. गुन्हा करणाऱ्याला पडद्यावर शासन झालेच पाहिजे, असा त्या काळी हॉलिवूडमध्ये दंडक होता. कॅप्राने तो बाजूला ठेवला आणि योग्य केले. तोट्याची नोंद खतावणीत तशीच राहते; ती भरून निघते अन्य खात्यांतून, ज्यांची नोंद जॉर्जने कधी ठेवलीच नव्हती.

स्ट्युअर्टला हे जग ऐकून ठाऊक नव्हते. पेनसिल्व्हानियातील इंडियाना नावाच्या गावी त्याच्या घराण्याचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी मिळालेले ऑस्कर वडिलांनी त्या दुकानात मांडून ठेवले आणि खिळे, बिजागऱ्या घ्यायला येणारी गिऱ्हाइके ते पाहत असत. मुलगा मात्र गादीवर बसला नाही. तो नट झाला आणि महायुद्धात बाँबफेकी विमाने घेऊन युरोपावर गेला. तेथून परतल्यावर त्याने स्वीकारलेला हा पहिला चित्रपट. जॉर्जच्या थकव्यात जो खरेपणा आहे तो केवळ तालमीतून येत नसावा.

चित्रपटाचा स्वतःचा ताळेबंद मात्र निराशाजनक निघाला. पाच ऑस्कर नामांकने लाभली. पण मुख्य पारितोषिके ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ने नेली. खर्च तीस लाख डॉलरवर गेला होता आणि तो नीट भरून निघाला नाही. कॅप्राने अन्य दिग्दर्शकांसह काढलेली ‘लिबर्टी फिल्म्स’ ही कंपनी लवकरच पॅरामाउंटला विकावी लागली. पुढे १९७४ मध्ये चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. फुकट मिळतो म्हणून स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रे नाताळात तो वारंवार दाखवू लागली, आणि जो चित्रपट तिकीट काढून पाहायला पुरेसे लोक आले नव्हते तो घरोघरी पोहोचला. १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीताच्या हक्कांच्या बळावर एका कंपनीने पुन्हा त्यावर आपला ताबा सांगितला. तोवर बेडफर्ड फॉल्सच्या पेढीतील ते दोन डॉलर अमेरिकेत सर्वांच्या परिचयाचे झाले होते.