दिल्लीचा अहवाल आणि नवी मुंबईचं विमान

येणं-जाणं : तारोडीकर

८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, माझ्या त्यानंतरच्या लेखावर काही वाचक रागावले होते. सगळा महाराष्ट्र टर्मिनलच्या छताचे फोटो काढतोय आणि हा तारोडीचा माणूस एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, खोलीतले पडदे कोणी तपासले म्हणून विचारतोय. एकाने लिहिलं, हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून आचाऱ्याला सिलिंडरची मुदत विचारण्यासारखं झालं. त्यांना उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. ते ७ नोव्हेंबरला दिल्ली विमानतळाने परस्पर देऊन टाकलं.

काय झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे. एएमएसएस नावाची संदेश पोचवणारी यंत्रणा अडली. एरवी प्रत्येक विमानाचा फ्लाइट प्लॅन तिच्यामार्फत आपोआप नियंत्रकाच्या पडद्यावर येतो. तो येईनासा झाला आणि नियंत्रक हाताने नोंदी करत बसले. आठशेहून जास्त उड्डाणं लांबली, मुंबईचंही वेळापत्रक त्यात फरफटलं. ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी खपून अखेर यंत्रणा उभी केली. मंत्रिमहोदयांनी मूळ कारण शोधण्याचे आदेश दिले. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे.

मला डाचतो तो त्यानंतर आठवडाभर ऐकू आलेला युक्तिवाद : एएमएसएस काय, जुनं टपालखातं, आता निर्णयाला मदत करणारी नवी साधनं येतील, कृत्रिम बुद्धिमत्ता येईल, मग असलं काही होणार नाही. अहो, ती साधनं जगतात कशावर? दोन विमानं काही मिनिटांनी एकमेकांच्या फार जवळ येणार आहेत, हे आधी सांगणारं साधन असो की उतरणाऱ्या विमानांचा क्रम सुचवणारं, त्याला विमान कुठून कुठे आणि कोणत्या वाटेने निघालंय हे ठाऊक लागतं. ब्रिटनमधल्या स्वॉनविक केंद्रात २०११पासून वापरात असलेलं आयफॅक्ट्स १८ मिनिटं पुढचं पाहतं, ते याच माहितीच्या बळावर. फ्लाइट प्लॅनच नसेल तर पडद्यावर नुसता ठिपका उरतो. तो पुढे कुठे वळणार, हे सांगायला कितीही हुशार यंत्र आणा, ते अंदाजच करणार.

आणि हे कोणी आधी सांगितलं नव्हतं असंही नाही. दिल्ली-मुंबईतल्या स्वयंचलित प्रणाली संथ पडत चालल्यात, युरोप-अमेरिकेच्या तोडीची साधनं द्या, असं नियंत्रकांच्या एटीसी गिल्डने जुलैमध्येच म्हटलं होतं.

आता ब्रिटनचीच गोष्ट सांगतो, कारण दिल्लीच्या शेजारी ठेवून पाहावी अशी दुसरी घटना मला माहीत नाही. २८ ऑगस्ट २०२३, तिथल्या बँक हॉलिडेचा सोमवार. लॉस एंजेलिसहून पॅरिसला निघालेल्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन नॅट्स या तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेच्या संगणकात आला. त्याच्या वाटेवर डीव्हीएल या एकाच संक्षेपाची दोन ठिकाणं होती : एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, दुसरं फ्रान्समधलं डोव्हिल. संगणक गोंधळला आणि चुकीची माहिती नियंत्रकापुढे जाऊ नये म्हणून स्वतःच बंद पडला. राखीव संगणकाने तोच प्लॅन हातात घेतला आणि काही सेकंदांत तोही त्याच खड्ड्यात पडला. चार तासांची माहिती साठवलेली होती, ती संपल्यावर सगळं हातावर आलं. हाताने तासाला साठेक प्लॅन भरता येत होते. सात लाखांहून अधिक प्रवासी अडकले. मुख्य दुरुस्तीसाठी हवा असलेला अभियंता सुट्टीचा दिवस म्हणून घरी होता, केंद्रावर पोचायलाच त्याला दीड तास लागला.

म्हणजे गोऱ्यांचंही तेच झालं, म्हणून आपण खूश व्हायचं का? खुशाल व्हा, पण पुढचं वाचून व्हा. या सगळ्या गोष्टी इथे तारोडीत बसून मला कशा कळल्या? नॅट्सने दहा दिवसांच्या आत प्राथमिक अहवाल लोकांपुढे ठेवला. पुढच्या वर्षी स्वतंत्र समितीचा अहवाल आला. अभियंता घरी होता, जर्मनीतल्या उत्पादकाला फोन लावायला चार तासांहून अधिक वेळ गेला, या लाजिरवाण्या गोष्टीही त्यात छापल्या. आणि सगळ्यात मोलाची ही : त्या प्रणालीने आधीच्या पाच वर्षांत दीड कोटीवर फ्लाइट प्लॅन बिनबोभाट हाताळले होते. दीड कोटी वेळा उत्तीर्ण झालेलं यंत्र पुढच्या एकाला नापास झालं. एकदा चाचणी झाली, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि काम संपलं, असं या क्षेत्रात होत नाही, हे त्या अहवालांमुळे जगातल्या प्रत्येक नियंत्रकाला वाचता आलं. दिल्लीच्या बिघाडातून मुंबईच्या नियंत्रकाने काय वाचायचं? तांत्रिक अडचण होती, ती दूर केली, एवढंच?

साधन पारखायचं तर ते वापरणाऱ्याच्या हाताखाली पारखावं लागतं. जुना पडदा चालू ठेवून शेजारी नवा लावायचा, खऱ्या वाहतुकीवर महिनोन्‌महिने दोन्ही ताडून पाहायचे. खोटे इशारे किती येतात ते मोजायचं, कारण फुकाचा ओरडणारा अलार्म माणूस लवकरच मनातून बंद करतो. आणि यंत्र अर्धवट बंद असतानाची तालीम घ्यायची. २००२च्या जुलैत जर्मनीत युबरलिंगनवर दोन विमानं धडकून ७१ जण गेले. त्या रात्री देखभालीसाठी टक्कर-इशाऱ्याची पडद्यावरची सोय बंद होती आणि नियंत्रकाला त्याची कल्पनाच नव्हती.

मुंबईला हे दूरचं वाटायला नको. तिथल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून कामाला एका वेळी एकच. तिच्यावर ११ नोव्हेंबर २०२३ला १०३२ विमानांची ये-जा झाली आणि आपण विक्रम म्हणून पेढे वाटले. ८ जून २०२४ला एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमचं विमान अजून धावपट्टीवर धावत असताना मागे इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान उतरलं. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. त्या क्षणी त्याच्या मदतीला पडद्यावर काय होतं, हा प्रश्न मात्र त्याच्यासोबतच बाजूला गेला. आपल्याकडे माणूस बदलणं फार सोपं.

माझा एक जुना सिद्धांत आहे, वाचकांना पाठ असेल : कोनशिला जितकी मोठी, तितकी देखभालीची वही पातळ. आमच्या इथल्या उत्तनच्या रस्त्यापासून दिल्लीच्या एटीसीपर्यंत तो मला लागू पडताना दिसतो. पुरावा मागू नका, वही कोणी दाखवतच नाही.

डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईतून उड्डाणं सुरू झाली. मुंबईच्या एकाच आभाळात दोन विमानतळ. आता तरी विमानतळ प्राधिकरणाने एवढं करावं : दिल्लीच्या मूळ कारणाचा अहवाल संकेतस्थळावर टाकावा, अभियंता कुठे होता यासकट. आणि दोन्ही विमानतळांसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाची पारख कोणत्या नियंत्रकांनी, किती महिने, कशावर केली ते जाहीर करावं. हे जमत नसेल, तर कृत्रिम बुद्धिमत्तेची निविदा काढू नये. आधी साधी बुद्धी लागेल.