चौकातली मूर्ती कोणाच्या हातची?

वसईच्या एखाद्या नाक्यावर क्रूस उभारायचा किंवा मरियामातेची गुहा बांधायची ठरली, की आपण तयार मूर्तींच्या दुकानाची वाट धरतो. गावातल्या कलावंताच्या वाट्याला नाताळच्या गोठ्याचे पडदे रंगवणे येते, तेही फुकट. याला सेवा म्हणणे हे ढोंग आहे.

‘युरोपीय चेहऱ्यावाचून भक्तिभाव जागत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा उपासनेविषयीचा १९६३चा दस्तऐवज वाचावा. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, असे तो स्पष्ट सांगतो. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्याच भूमीत त्यांच्यावर टीका झाली. पुण्याच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. १९६७ साली ते निवर्तले. आज आपण त्यांचा अभिमान मिरवतो. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना मात्र काम देत नाही.

संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले. त्यांची मूर्ती वसईकर हातांनी घडवू नये काय? खर्च वाढेल, उणिवाही राहतील. पण कामावाचून हात तयार कसा होणार? पॅरिश कौन्सिलांनी पुढच्या मूर्तीसाठी प्रथम गावातल्या कलावंतांकडून आराखडे मागवावेत आणि योग्य मोबदला द्यावा.