गच्चीचे पाणी संडासाच्या चेंबरमध्ये नको

पाऊस सुरू झाला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि महिना-दीड महिन्याने काविळीचे. गेल्या वर्षी एकाच घरातले तिघे पिवळे डोळे घेऊन आले. त्यांत सहा महिन्यांची गरोदर सून होती. गरोदरपणात ‘ई’ प्रकारची कावीळ जीवघेणी ठरू शकते. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. सुदैवाने आई व बाळ सुखरूप आहेत.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आम्ही बाहेरचं काही खात नाही हो!" ते खरेच होते. खोदून विचारल्यावर कळले की, महिन्यापूर्वी एका जोरदार सरीत त्यांच्या न्हाणीघरात मैल्याचे पाणी उलटून आले होते. गवंड्याने गच्चीचा पाइप सोयीसाठी संडासाच्या चेंबरमध्ये सोडला होता आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी तिथून दोन हातांवर होती.

हिशेब करून पाहा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी जमते. सेप्टिक टाकी तर नेहमी भरलेलीच असते. पावसाने शोषखड्डाही तुडुंब झालेला असतो. मग पाणी जाणार कुठे? मैल्यासकट घरातच येणार.

गटारे तुंबली की आपण नगरपालिकेला बोल लावतो, आणि तो लावावाच. पण हा पाइप आपला आहे. मृगाआधी आपण कौले चाळतो, छत्र्या दुरुस्त करतो. तसाच गच्चीचा पाइप वेगळा काढून घ्यावा. चेंबरची झाकणे घट्ट बसवावीत. घर रस्त्यापेक्षा खोल असेल तर बाहेर जाणाऱ्या नळीला पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवावा. सेप्टिक टाकी दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणाऱ्या गाडीकडूनच उपसावी. टाकीत माणूस मुळीच उतरवू नये. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो आणि २०१३च्या कायद्याने असे काम करवून घेणे गुन्हा आहे.

एवढे करूनही पाणी उलटलेच, तर लहान मुलांना दूर ठेवावे, पायांत गमबूट घालून सफाई करावी आणि फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. जमिनीतली टाकी रिकामी करून निर्जंतुक होईपर्यंत त्यातले पाणी पिऊ नये. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

काविळीवर उतारे आणि गंडेदोरे शोधत फिरण्यापेक्षा प्लंबरला अर्धा दिवस बोलवा. माझ्याकडे यायची वेळ टळेल.