पंचनाम्यापूर्वीचे कर्तव्य

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील भातशेती मुख्यतः पावसावर अवलंबून असली, तरी तिचा घात पुष्कळदा पावसाच्या अभावाने नव्हे, तर त्याच्या अवेळी येण्याने होतो; कापलेले भात खाचरात वाळत पडले असता आश्विन-कार्तिकात पर्जन्य कोसळला, म्हणजे दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो, आणि कुटुंबाचे वर्षाचे धान्य व गुरांची वैरण ही दोन्ही एकाच वेळी हातची जातात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या दिवसांत हेच घडले, आणि राष्ट्रपती राजवट चालू असता १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांसाठी दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ८,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

वीस गुंठ्यांच्या धन्यास या हिशेबाने सुमारे सोळाशे रुपये पडतात. पुढे केंद्राच्या निकषांत कोरडवाहू पिकाचा दर ८,५०० झाला, दुभती गाय वा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये ठरले, आणि राज्याने मध्यंतरी पिकाचा दर १३,६०० पर्यंत नेऊन पुन्हा खाली आणला. दर वाढावेत ही मागणी न्याय्यच आहे. परंतु जी रक्कम मंजूर होते ती खऱ्या नुकसानग्रस्ताच्या पदरी पडावी, हे पाहणे आमच्या वाचकांच्या, म्हणजे तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि पशुवैद्यक यांच्या हाती आहे.

ब्रिटिश काळी १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्यान्वये मिळणारी तगाई हे कर्ज होते, म्हणून जमिनीचे तारण पाहणे तेव्हा सयुक्तिक होते. आजचे साहाय्य परत करावयाचे नाही, तरीही त्याचा मार्ग सातबाऱ्यावरील नावावरूनच जातो. ज्याचे आजोबा निवर्तूनही खातेदार म्हणून कायम आहेत असा नातू, सामाईक खात्यातील ज्याचे भाऊबंद मुंबईस असल्याने संमतीपत्र मिळत नाही असा शेतकरी, तोंडी बोलीवर वाट्याने कसणारा, आणि वनहक्काच्या पट्ट्यावर नागली-वरी पिकविणारा ठाकूर वा कातकरी, या सर्वांचे पीक साहाय्यास आवश्यक अशा तेहतीस टक्क्यांहून कितीही अधिक बुडाले, तरी यादीत त्यांचे नाव येईलच अशी शाश्वती नसते. जनावरांचीही तीच गत आहे. कानात बिल्ला नसेल तर भरपाईची वाट तेथेच अडते.

नोंदींतील हे दोष नुकसानीच्या पंचनाम्याच्या दिवशी दुरुस्त होऊ शकत नाहीत, कारण तेव्हा मुदत थोडी, गावे अनेक आणि कागद अपुरे असतात; ते दुरुस्त होतात वैशाखात, जेव्हा खाचरे कोरडी असतात आणि चावडीवर गर्दी नसते. यास्तव आमची आग्रहाची विनंती आहे की, पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सजात वारसनोंदींचे फेरफार निकालात काढावेत, वनपट्टेधारकांची नावे व क्षेत्रे पडताळावीत, पाड्यापाड्यांवर जाऊन जनावरांना बिल्ले मारावेत, पीकपाहणीच्या वेळी प्रत्यक्ष कसणाऱ्यास बांधावर उभे करावे, आणि आपत्तीनंतर तयार झालेली यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून, हरकती ऐकूनच तहसील कचेरीत पाठवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि नवी तरतूदही लागत नाही. आहे त्याच अधिकारात हे करता येते, आणि त्याची सुरुवात याच उन्हाळ्यात झाली पाहिजे.