तिसऱ्या मात्रेचा हिशेब

न्यूमोनिया हे देशातील बालमृत्यूंचे आजही एक प्रमुख कारण आहे आणि न्यूमोकोकस हा जिवाणू त्यामागील मोठा अपराधी. मेंदूच्या आवरणाला त्याचा संसर्ग झाल्यास वाचलेल्या मुलालाही कायमचे बहिरेपण येऊ शकते. त्याविरुद्धची संयुग्म लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ मध्ये आली, ती हिमाचल प्रदेशासह मोजक्याच भागांत. देशभर विस्तारासाठी २०२१ उजाडले. या विस्तारामुळे वर्षाला ५० हजारांहून अधिक बालमृत्यू टळतील, असे त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात सांगण्यात आले होते. त्या आश्वासनाचा हिशेब आता मागायला हवा.

खासगी दवाखान्यांत हजारो रुपये मोजावी लागणारी ही लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या स्वस्त लसीमुळे किमतीचा अडसरही बराच दूर झाला. आता प्रश्न उरतो तो पोहोचण्याचा. सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना असे तिचे वेळापत्रक आहे. दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेत पाच महिन्यांहून अधिक अंतर पडते. नेमक्या याच काळात वीटभट्ट्या, बांधकामे यांच्यामागे फिरणारी कुटुंबे गाव सोडतात. नवव्या महिन्यातच गोवर-रुबेलाची पहिली मात्रा असते. म्हणजे एक फेरी चुकली की दोन कवचे निसटतात. तिसरी मात्रा संरक्षण टिकवते आणि नाका-घशातील जिवाणूंचे वास्तव्यही घटवते. त्यामुळे लस न मिळालेल्यांनाही आडोसा मिळतो. तेव्हा पहिल्या मात्रेच्या आकड्यांवर समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल.

दुसरी उणीव निगराणीची आहे. या जिवाणूचे सुमारे शंभर उपप्रकार आहेत आणि लस त्यांतील मोजक्यांनाच रोखते. उरलेले उपप्रकार ती जागा घेत आहेत का, हे प्रयोगशाळाच सांगू शकतात. परंतु नमुना घेण्याआधीच प्रतिजैविक दिले गेल्यास जिवाणू सापडत नाही आणि रोगाचा भार कागदावर कमी दिसतो.

स्तनपान, पोषण, धूरमुक्त चूल आणि आरोग्य केंद्रातील प्राणवायू यांना लस हा पर्याय नव्हे. तरीही केंद्राने आणि राज्यांनी तिसऱ्या मात्रेचे जिल्हानिहाय आकडे नियमित जाहीर करावेत व स्थलांतरित मुलांना कोणत्याही राज्यात पुढील मात्रा विनासायास मिळेल, याची हमी द्यावी. लस खरेदी करणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे गावोगावच्या लसीकरण सत्रांत पूर्ण व्हायचे आहे.